पाण्याला न भिणारं अळू

कुंडीतली झाडं पाण्यावाचून मरतात त्यापेक्षा जास्त अति पाण्याने मरतात. कुठल्याही रोपवाटिकेत विचारा, हेच उत्तर मिळेल. घरात चार माणसं असली की सकाळी एक जण पाणी घालतो, दुपारी दुसऱ्याला माती कोरडी वाटते, संध्याकाळी तिसऱ्याला झाडाची दया येते. माती सुकायला वेळच मिळत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि बघता बघता तुळस काळी पडते, कढीपत्त्याची पानं गळतात. अशा मायाळू घराला मी एकच झाड सुचवेन, ते म्हणजे अळू.

कोकणात मोरीचं पाणी घराबाहेर जिथे पडतं तिथे किंवा विहिरीच्या पन्हळीखाली अळवाचं बेट ठरलेलं. त्याला कुणी मुद्दाम पाणी घालत नाही, खताचंही कुणी बघत नाही. तरी श्रावण-भाद्रपदात त्याची पानं सुपाएवढी होतात. शहरात मात्र अळू आता भाजीवाल्याकडच्या जुडीपुरतं उरलं आहे. मुंबईत तर ती जुडी रुळांच्या कडेला, कुठल्या पाण्यावर वाढली असेल याची शंका मनात ठेवूनच आपण विकत घेतो. पालेभाज्या नाल्याच्या पाण्यातले जड धातू शोषून घेतात आणि ते पानं कितीही धुतली तरी जात नाहीत. माझ्या मते घरी अळू लावायला एवढं एक कारण पुरेसं आहे. मनीप्लांट आणि पीस लिली ही अळवाचीच भावंडं, सुरणाच्या कुळातली. ती ज्या गॅलरीत आनंदाने वाढतात तिथे अळूही वाढतं, आणि वर ताटातही येतं.

कोणतं अळू लावायचं

घरोघरी दोन प्रकार ओळखले जातात. एक वडीचं, दुसरं भाजीचं. वडीच्या अळवाचे देठ जांभळट काळे, पान गडद हिरवं, जाडसर आणि मोठं असतं. भाजीच्या अळवाचे देठ हिरवे, पान फिकं आणि मऊ, शिजल्यावर पटकन गळणारं. याखेरीज पावसाळ्यात रानात आपोआप उगवतं ते तेरं. कोकणातले लोक त्याचीही भाजी करतात, पण त्याची खाज मोडायची कशी हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. मराठवाड्यात अळवाला चमकोरा म्हणतात, विदर्भात धोपा. तिकडच्या बाजारात रोप मागताना ही नावं उपयोगी पडतील.

जागा एकाच बादलीपुरती असेल तर वडीचं लावावं. त्याची पानं वडीला लागतात आणि कोवळी पानं, देठ भाजीलाही चालतात. भाजीच्या अळवाचं मात्र तसं नाही. त्याच्या वड्या वळताना पान फाटतं.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पानांसाठी ‘कोकण हरितपर्णी’ नावाचा वाण काढला आहे. तिरुवनंतपुरमला १९६३ पासून केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था आहे. तिथले ‘श्री रश्मी’, ‘श्री पल्लवी’ हे वाण प्रामुख्याने गड्ड्यांसाठी आहेत. पानं हवी असणाऱ्याने त्यांच्यामागे लागण्याचं कारण नाही.

बाजारात अरवी म्हणून मिळणाऱ्या अळकुड्या मातीत पुरल्या तरी कोंब येतात, झाडही छान होतं. पण ती जात गड्ड्यांसाठी निवडलेली असते आणि तिची पानं खाजरी निघू शकतात. त्यामुळे सगळ्यात भरवशाचा मार्ग जुनाच आहे. ज्यांच्याकडे अळू आहे आणि जे ते नेहमी खातात, त्यांच्याकडून एक पिल्लू मागून आणायचं. अळवाच्या बुडाशी पिल्लं फुटतच असतात, त्यामुळे देणाऱ्याचं काही कमी होत नाही.

ओळख पटवूनच खा

हा मुद्दा मी पुढे ढकलणार नाही, कारण तो सुरक्षिततेचा आहे. रोपवाटिकांत ‘एलिफंट इअर’ या नावाखाली अळवासारखी दिसणारी पुष्कळ झाडं विकली जातात. त्यातली बरीच अलोकेशिया नावाच्या वेगळ्या प्रजातीची असतात. ती शोभेची आहेत, खायची नाहीत.

फरक बघायचा तर पान उलटं करा. अळवाच्या पानाला वरच्या बाजूला खोल खाच असते, पण देठ त्या खाचेच्या टोकाला जोडलेला नसतो. तो पानाच्या पाठीला, खाचेपासून थोडा आत चिकटलेला असतो. त्यामुळे पान देठावरून खाली लोंबतं आणि त्याचं टोक जमिनीकडे असतं. वाढलेल्या अलोकेशियात देठ बहुधा खाचेच्या अगदी जवळ जोडलेला असतो, पान वर उचललेलं असतं, टोक आकाशाकडे किंवा आडवं. पृष्ठभागही अनेकदा चकचकीत असतो. खाण्याच्या अळवाचं पान मात्र मखमली, धुरकट दिसतं.

या खुणा चांगल्या आहेत, पण पुरेशा नाहीत. तेऱ्याचं पानही देठाला असंच जोडलेलं असतं. शोभेच्या काही जाती तर खऱ्या अळवाच्याच आहेत. म्हणून रोप कुठून आलं हे माहीत नसेल तर ते शोभेला ठेवावं, खाऊ नये.

भांडं आणि माती

अळवाचा पसारा मोठा असतो. सहा इंची कुंडीत ते जगतं, पण पानं तळहाताएवढीच राहतात. वड्यांजोगी पानं हवी असतील तर तोंड किमान १२ ते १४ इंच रुंद हवं. घराला रंग दिल्यावर उरणारी २० लिटरची बादली यासाठी उत्तम. ती आधी आतून स्वच्छ घासून घ्यावी. ओल्या मातीने भरलेली अशी बादली तीस किलोच्या आसपास भरते, म्हणून ती खिडकीच्या ग्रिलवर टांगू नये, गॅलरीच्या जमिनीवरच ठेवावी.

भोकांबाबत अळवासाठी एक खास सोय करता येते. इतर झाडांसाठी आपण बुडाला भोकं पाडतो. इथे ती बुडाला न पाडता बाजूला, बुडापासून दोन-तीन इंच वर पाडावीत. तळाशी तेवढं पाणी साठून राहतं आणि वरचं जादा पाणी निघून जातं. चार दिवस गावाला जाऊन आलं तरी झाड तगून असतं. खालच्या मजल्यावर पाणी झिरपल्याची तक्रारही कमी येते, आणि सोसायटीत राहणाऱ्यांना त्याचं मोल सांगायला नको.

मातीचे फार लाड नकोत. निम्मी बागेतली माती, पाव भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि पाव भाग कोकोपीट हे मिश्रण ओल धरून ठेवतं. अळवाला किंचित आम्ल माती मानवते, कोकणच्या तांबड्या मातीत ते खुशीत असण्याचं हेही एक कारण. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत शेणखताचं प्रमाण वाढवावं. गड्डा लावायचा असेल तर डोळा वर ठेवून दोन-अडीच इंच खोल पुरावा. पिल्लू असेल तर पांढरा बुडखा मातीत जाईल इतपत खोल लावून सभोवती माती दाबावी. मोठी पानं कापून फक्त मधली सुरळी ठेवली तर पिल्लू लवकर सावरतं.

पाणी : किती, कसं आणि कुठलं

अळवाचा देठ आडवा कापून बघितला तर आत स्पंजासारख्या बारीक पोकळ्या दिसतात. या पोकळ्यांमधून हवा पानांपासून खाली मुळांपर्यंत जाते. इतर झाडांची मुळं पाण्यात गुदमरतात, अळवाची मुळं वरून आलेल्या हवेवर भागवतात. भाताच्या रोपातही हीच सोय असते. चिखलात उभं राहण्याची अळवाची ताकद आहे ती इथे.

माणसानेही त्याला फार जुन्या काळापासून चिखलातच लावलं. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात कुक नावाची दलदल आहे. तिथे सापडलेल्या दगडी अवजारांवर अळवाच्या पिठूळ गराचे सूक्ष्म कण मिळाले, ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. युनेस्कोने २००८ मध्ये या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हवाई बेटांवर आजही ओढ्याचं पाणी वळवून भाताच्या खाचरांसारख्या बांधलेल्या शेतात अळू पिकवतात. तिथले शेतकरी ज्या गोष्टीला जपतात ती आपल्या बादलीलाही लागू आहे. पाणी वाहतं आणि थंड हवं. साचून तापलेल्या पाण्यात अळवाचाही गड्डा सडतो.

म्हणून माती कायम ओली असावी, पण मे महिन्याच्या दुपारी काळ्या बादलीतलं पाणी उन्हात उकळायला लागेल अशी वेळ येऊ देऊ नये. उन्हाळ्यात सकाळी भरपूर आणि संध्याकाळी पुन्हा पाणी घालावं. संध्याकाळचं पाणी साठलेलं कोमट पाणी ढकलून बाहेर काढतं. पावसाळ्यात उघड्यावरच्या बादलीला पाणी घालावं लागतच नाही. हिवाळ्यात दिवसाआड पुरतं. बोट मातीत खुपसलं आणि पेरभर खोलीवर माती कोरडी लागली, की पाणी घालायला उशीर झाला असं समजावं.

तहानलेलं अळू लगेच सांगतं. भर दुपारी पानं लुळी पडली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर काळजीचं कारण नाही. सकाळीच पानं लोंबत असतील तर मात्र पाणी खरंच कमी पडतं आहे.

आता पाणी कुठलं. मोरीच्या पाण्यावर अळू वाढायचं तेव्हा भांडी राखेने घासली जात. आजच्या भांड्यांच्या आणि कपड्यांच्या साबणाचं पाणी वेगळं आहे. खायच्या पानांना ते घालू नये. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, मोड आणण्यासाठी भिजवलेल्या कडधान्यांचं पाणी खुशाल घालावं, मात्र त्यात मीठ नको. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते उन्हाळ्यात बादलीत जमवून वापरता येतं. याच्या उलट आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी. गाळून वेगळे काढलेले क्षार त्याच पाण्यात जमा झालेले असतात. ते वाचवण्याची इच्छा मला समजते, पण रोज तेच घातलं तर काही आठवड्यांत पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळायला लागतात. ते पाणी लादी पुसायला वापरा.

डासांचं काय

ओल्या कुंडीचा खरा धोका झाडाला नसून माणसाला आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. कुंडीखालची ताटली ही त्याची आवडती जागा. अळवासाठी ताटली ठेवायचीच असेल तर ती वाळूने काठोकाठ भरावी. वाळू ओली राहते, पण वर उघडं पाणी उरत नाही. बाजूला भोकं पाडलेल्या बादलीत पाणी मातीखाली असतं, त्यामुळे तिथे डासाला जागा मिळत नाही. बादलीत मातीच्या वर पाणी तुंबू देऊ नये. नगरपालिकांचे आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. त्या दिवशी फुलदाण्यांबरोबर ताटल्याही उपड्या करून, घासून, वाळवून ठेवाव्यात. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात.

ऊन आणि जागा

सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं की अळवाचं भागतं. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. सावलीतही ते जगतं, फक्त देठ लांबतात आणि पानं पातळ होतात. पश्चिमेच्या गॅलरीत, त्यातही नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात, दुपारी हिरवी जाळी हवीच. घराच्या आत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवून त्याच्याकडून वड्यांची अपेक्षा करू नये.

वारा हा शत्रू फारसा कुणी लक्षात घेत नाही. उंच मजल्यांवर जोराच्या वाऱ्याने मोठी पानं शिरांमधून फाटतात. वडीच्या पानाला ते परवडत नाही. बादली भिंतीच्या आडोशाला सरकवली की काम होतं.

खत

पानं तोडत राहायचं म्हणजे झाडाला नत्र देत राहायला हवं. महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत मिसळावं. पानं फिकी पडली तर शेंगदाण्याची पेंड दोन दिवस पाण्यात भिजवून, दहापट पाणी घालून द्यावी. तिला वास येतो, तेव्हा शेजाऱ्यांकडे पाहुणे असताना हा उद्योग टाळावा.

पानावरचं पाणी

अळवाचं पान ओलं होत नाही हे आपल्याला म्हणींपासून माहीत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पृष्ठभागावर बारीक उंचवटे दिसतात, त्यांच्यावर मेणाचे अतिसूक्ष्म कण असतात. पाण्याच्या थेंबाला टेकायला जागाच मिळत नाही, तो पाऱ्यासारखा गोल होऊन घरंगळतो आणि जाताना धूळ, बुरशीचे कण सोबत घेऊन जातो. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्तोफ नाइनहाउस यांनी १९९७ मध्ये पानांच्या या स्वयंस्वच्छतेवर जो शोधनिबंध लिहिला, त्यात कमळाबरोबर अळवाचंही पान तपासलेलं होतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की अळवाची पानं ओल्या फडक्याने घासून पुसू नयेत. मेणाचा थर निघून जातो आणि पान उघडं पडतं. दुसरा अर्थ असा, की कडुनिंबाचं तेल वा अन्य काही नुसत्या पाण्यात कालवून फवारलं तर सगळं खाली ओघळतं. त्यात साध्या साबणाचे चार थेंब टाकल्याशिवाय फवारा पानाला चिकटत नाही.

सकाळी लवकर उठून गॅलरीत गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. प्रत्येक पानाच्या अगदी टोकाशी एक थेंब लटकलेला असतो. तो फुगतो, पडतो, थोड्या वेळाने त्याच जागी दुसरा येतो. बाकी पान कोरडं असतं, शेजारच्या झाडांवर काही नसतं, म्हणजे हे दव नव्हे. रात्री पानाची रंध्रं मिटलेली असतात, बाष्प बाहेर जात नाही, पण मुळं पाणी वर ढकलतच असतात. त्या दाबाने टोकाच्या छिद्रातून पाणी बाहेर येतं. सुरळी उलगडण्याच्या बेतात असते तेव्हा तर तिच्या टोकाशी थेंब जोरात ठिबकताना दिसतात. झाडाला रात्री पोटभर पाणी होतं याची इतकी स्वच्छ खूण दुसऱ्या झाडात क्वचितच मिळते. उन्हाळ्यात एखाद्या सकाळी हे थेंब दिसले नाहीत तर आदल्या संध्याकाळचं पाणी कमी पडलं होतं असं समजायला हरकत नाही.

कीड आणि करपा

अळवावर सगळ्यात दचकवणारी स्वारी येते ती हॉक मॉथ या पतंगाच्या अळीची. बोटाएवढी जाड, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटीकडे एक शिंग. ती चावत नाही, डंखही मारत नाही. पण एका रात्रीत पान शिरांपर्यंत साफ करते. जमिनीवर मिरीएवढ्या काळ्या गोळ्या पडलेल्या दिसल्या की वरच्या पानाच्या पाठीमागे ती सापडतेच. हाताने उचलून दूर झाडीत सोडून द्यावी. एका बादलीसाठी कीटकनाशक आणण्याचं काही कारण नाही.

मावा कोवळ्या सुरळीत लपतो. पाण्याच्या जोरदार धारेने तो निघतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पानावर पिवळे बारीक ठिपके येऊन पान निस्तेज झालं तर पाठीमागे लाल कोळी असतो. त्यावरही पाण्याचाच उपाय, पानाच्या मागच्या बाजूने रोज धार मारायची. एवढ्याने भागलं नाही तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारावं. त्यानंतर आठवडाभर ती पानं खाऊ नयेत.

करपा मात्र गंभीर. भर पावसात पानावर पाणी भरल्यासारखे गोल डाग पडतात, ते तपकिरी होतात, वर्तुळात वर्तुळं उमटतात आणि डागावर नारिंगी-पिवळट द्रवाचे थेंब दिसतात. दोन-चार दिवसांत डाग एकमेकांना मिळून पान लोंबतं. हा रोग ज्यामुळे होतो त्या सूक्ष्मजीवाचं नाव फायटोप्थोरा कोलोकेशिए. मारियान राचिबॉर्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने १९०० मध्ये जावा बेटावरून त्याचं वर्णन केलं. १९९३ मध्ये तो सामोआत पोहोचला. अळकुडी हे तिथलं मुख्य अन्न आणि निर्यातीचं पीक. एका हंगामात शेतंच्या शेतं बसली आणि निर्यात जवळजवळ थांबली.

घरच्या एका झाडावर इतका कहर होत नाही, कारण लागण पसरायला शेजारी अळू नसतं. डाग दिसलेलं पान त्याच दिवशी देठासकट कापावं आणि कचऱ्यात टाकावं. घरच्या खतात घालू नये. हा जीव ओल्या पानावर पाण्यातून पोहत पसरतो, म्हणून पावसाळ्यात दोन बादल्यांमध्ये हात-दीड हात अंतर ठेवावं आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी घालावं.

पानं काढणं

झाडावर चार-पाच पानं झाल्याशिवाय पहिलं पान काढू नये. त्यानंतर दोन पानं आणि मधली सुरळी कायम ठेवून बाकीची घ्यावीत. वडीसाठी पान पूर्ण उलगडलेलं, पण कोवळेपण टिकलेलं हवं. उलगडून आठवडाभर झालेलं पान साधारण नेमकं असतं. फार जून पानाच्या शिरा लाटणं फिरवूनही मोडत नाहीत. एका बादलीतून पावसाळ्यात आठवड्याला दोन-तीन पानं निघतात. म्हणजे एका घराच्या वड्यांसाठी दोन किंवा तीन बादल्या हव्यात, किंवा भाद्रपदापर्यंत थोडा धीर हवा.

पान देठाच्या बुडाशी सुरीने कापावं, ओढू नये. कापल्यावर गळणारा रस कपड्यावर पडला तर तपकिरी डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. जुने कपडे घालूनच हे काम करावं. ज्यांच्या हाताला खाज येते त्यांनी हाताला खोबरेल तेल चोळून घ्यावं.

खाज का येते, आणि ती कशी मोडतात

अळवात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. पान चावलं की या सुया जिभेत, घशात रुततात. त्यांच्यावरची काही प्रथिनं जळजळ वाढवतात असंही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. सुया शिजवून विरघळत नाहीत, पण भरपूर उष्णतेने त्यांचा त्रास पुष्कळ कमी होतो. म्हणून अळू अर्धकच्चं कधीही खाऊ नये. फदफद्याचं, म्हणजे पातळ भाजीचं, अळू कुकरमध्ये डाळ-दाण्यांबरोबर पूर्ण गळेपर्यंत शिजवायचं. वड्या आधी उकडायच्या, मग तळायच्या. उकडण्याची पायरी टाळून थेट तळण्याचा मोह कुणी करू नये.

सगळ्या स्वयंपाकघरांत अळवाबरोबर आंबट येतं. कुठे चिंच, कुठे आमसूल, कुठे आंबट चुका, कुठे ताक. आंबटाने खाज मरते हा पिढ्यांचा अनुभव आहे. ताक आणि दह्याचा तर खाजेपलीकडचा आणखी एक फायदा रसायनशास्त्रात सापडतो. अळवात सुयांखेरीज विरघळणारं ऑक्झलेटही असतं. दुधातलं कॅल्शियम त्याला पोटातच बांधून टाकतं, मग ते रक्तात कमी जातं. देठ सोलून, शिजवून दह्यात कालवलेली देठी हा या दृष्टीने फार शहाणा पदार्थ आहे. चवीला तर सुरेखच. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र अळू किती खावं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर बादली त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवावी. कच्चं पान चावल्यास तोंड सुजतं, लाळ गळते. तोंड थंड पाण्याने धुऊन थोडं दूध द्यावं. गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर घरी वाट न बघता दवाखाना गाठावा.

वर्षाचं चक्र

लावणीला वैशाख-ज्येष्ठ उत्तम. पाऊस सुरू होईपर्यंत मुळं धरतात आणि आषाढात झाड झपाट्याने वाढतं. भाद्रपदात ते ऐन भरात असतं. ऋषीपंचमीच्या भाजीत, बैलाच्या कष्टाचं काही न वापरता परसात पिकलेल्या भाज्यांमध्ये, अळवाला मान असतो तो याच दिवसांत. गौरीच्या नैवेद्यालाही घरची पानं पुरतात.

दिवाळीनंतर वाढ मंदावते. थंडी दहा अंशांकडे झुकली, जशी नाशिक-निफाडला झुकते, की नवी पानं लहान येतात आणि जुनी पिवळी पडतात. झाड मेलं असं वाटून बादली रिकामी करणारे लोक मी पाहिले आहेत. ते मेलेलं नसतं. गड्डा आत शाबूत असतो. पाणी निम्म्यावर आणावं, खत थांबवावं आणि वाट पाहावी. मुंबई-कोकणच्या उबदार हवेत, पाणी चालू असेल तर, बारा महिने थोडी थोडी पानं मिळत राहतात.

दर वर्षी एप्रिलअखेर बादली उपडी करावी. एका गड्ड्याभोवती सहा-आठ छोट्या अळकुड्या आणि दोन-तीन पिल्लं निघतात. सगळ्यात तगडं पिल्लू नव्या मातीत परत लावावं. अळकुड्या सोलून, चिंचेच्या पाण्यात उकडून, तेलावर परतून खाव्यात. बाकीची पिल्लं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली तर चार-पाच दिवस टिकतात. तेवढ्या अवधीत ती ज्यांना हवी त्यांच्या घरी पोहोचवावीत.